शांत झोपलेत

लाल फितीचं ते वेटोळं – खुंटीखाली लोंबणारं, कडेला विसविशीत झालेलं – त्याने दोन बोटांत धरलं होतं, आणि आपण छत्री त्यात अडकवायला आलो आहोत की त्यातून काढून घ्यायला, हे त्याला काही केल्या उमगत नव्हतं. छत्री हातात होती. म्हणजे काढून घेतली असणार. पण मग कोट अजून खुंटीवरच कसा... आणि निघायचं तर कुठल्या घरी निघायचं? फीत तलवारीसाठी असते. पार्लमेंटच्या प्रत्येक सभासदाला एक खुंटी मिळते आणि खुंटीला एक फीत, कारण हत्यार घेऊन सभागृहात जायचं नाही, ते इथे टांगून मगच आत पाऊल टाकायचं; तलवारी जाऊन जमाना झाला, फिती मात्र झिजल्या की नव्या लावतात. या देशात काही काढून टाकायची पद्धतच नाही, जे निरुपयोगी झालं त्यात आपण छत्र्या अडकवतो. हे वाक्य त्याचंच होतं, कुठल्याशा मेजवानीतल्या भाषणातलं, लोक पोट धरून हसले होते त्याला – आणि आत्ता, नेमकं आत्ता, आपल्याला आपलंच जुनं चुरचुरीत वाक्य आठवावं याची त्याला शिसारी आली.

खुंटीवरच्या पितळी चौकटीत नाव होतं. मि. ऑब्री क्रॅडक. त्याने ते दोनदा वाचलं.

“माय लॉर्ड,” पास्को म्हणाला होता फोनवर.

उमेदीची सगळी वर्षं न्यायाधीशांसमोर उभं राहून हे दोन शब्द ऑब्रीने इतक्या वेळा उच्चारले होते की त्यांना चवच उरली नव्हती. पण ते उलट दिशेने कधी आले नव्हते. पास्को हा कॉर्नवॉलच्या घरचा बटलर, आणि तो त्याला जन्मापासून ऑब्रीसाहेब म्हणत आला होता – गुडघे फोडून घेतलेला ऑब्रीसाहेब, लढाईहून परत आलेला ऑब्रीसाहेब, टक्कल पडलेला ऑब्रीसाहेब. मघाशी त्याने मांडलेल्या विधेयकावरचं मतदान आटोपल्यावर, लोक पाठीवर थापा मारत असतानाच, तो त्यांच्यातून निसटून टेलिफोनच्या खोक्यात शिरला, बहिणीला, विनीला, निकाल सांगावा म्हणून. ट्रंककॉल लागला, खरखर झाली, आणि त्या खरखरीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, “माय लॉर्ड, जरा थांबावं. मिस विनींना बोलावतो.”

एवढंच. वडील गेले असं कोणी म्हटलं नाही. म्हणायला लागलंच नाही. वडील म्हणजे व्हायकाउंट ट्रेगॅरिक. ते गेले की किताब थोरल्या मुलाकडे, किताब आला की मुलगा वरच्या सभागृहाचा, आणि वरच्या सभागृहाचा झाला की खालच्या सभागृहातून, जिथे लोकांनी निवडून पाठवलं तिथून, बाहेर. नको मला म्हणायची सोय नाही. ही गोष्ट इंग्लंडमध्ये त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती; त्याने तर त्यावर ग्रंथ लिहिला होता, न्यायाधीश निकालपत्रात ज्याचा आधार घेतात असा, आणि त्यातलं एक वाक्य कायद्याची पोरं घोकून परीक्षेला बसत – मृत्यू आणि वारसा यांच्यामध्ये क्षणाचीही फट नसते. ते टाइप करताना विनी म्हणाली होती, फार निर्दय आहे रे हे. आणि तो म्हणाला होता, अगं कायदा आहे तो, सांत्वनाचं पत्र नव्हे.

फट नव्हतीच. पास्कोचा शब्द कानात शिरला आणि मनात पहिला विचार उमटला तो... तो विचार त्याला पुन्हा बघायचा नव्हता. पण बघायला लागलाच. साक्षीदाराला सोडायचं नाही ही वकिलाची सवय, साक्षीदार आपणच असलो तरी. पहिला विचार आला तो: जागा गेली. मग आला तो: विधेयक. आणि मग, पुष्कळ वेळाने, रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसासारखा: पपा.

मी असा आहे. हे मला आज कळतंय, बावन्नाव्या वर्षी, छत्रीच्या खुंटीपाशी.

“केव्हा?” विनी फोनवर आली तेव्हा त्याने विचारलं होतं.

“सकाळी.”

“सकाळी? विनी, तिन्हीसांजा होत आल्या.”

“मला घड्याळ कळतं, ऑब्री.”

“मी फोन केला होता सकाळी. नाश्त्याच्या आधी.”

“हो. तेव्हा गेलेलेच होते ते.”

“तू म्हणालीस झोपलेत.”

“शांत झोपलेत, म्हटलं. तुला आणखी काही विचारायचं होतं तर विचारायचं होतंस.” तिचा आवाज नेहमीचाच, कोरडा, माळ्याला झापताना असतो तसा. “किती मतांनी झालं?”

“तुला कळतंय का तू काय करून बसलीयस?”

“तुझं पुस्तक मी तीनदा टाइप केलंय. तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर लावता लावता माझे डोळे गेले. मला नको शिकवूस. ते गेले त्या घडीपासून तू तिथे परका. तू दिलंस ते मत मतच नव्हे. सगळं माहीत आहे मला. किती मतांनी झालं, ते सांग.”

“एका.”

“बरं झालं मग,” विनी म्हणाली आणि खाकरली. “हे बघ, डॉक्टर ट्रेलॉर अजून यायचेत. गावात कोणाचं तरी बाळंतपण अडलंय. ते येऊन दाखला लिहितील. पास्को तोंड उघडणार नाही. तू सांगशील ती वेळ मी डॉक्टरांना सांगते. चहाच्या वेळेला गेले म्हणू? तुझं मत त्याआधी झालं ना?” मग तीन मिनिटं संपल्याची घंटी वाजू लागली, आणि त्या घंटीवरून ओरडून ती म्हणाली, “विचार कर. ते आले की मी फोन लावते.”

आता तो त्या विचारासाठी खुंटीपाशी उभा होता आणि विचार येत नव्हता. आजूबाजूला लोक कोट चढवत होते, शुक्रवार असल्याने आपापल्या मतदारसंघाकडे जाणाऱ्या गाड्या पकडायची घाई होती, कोणी ‘शाबास, क्रॅडक’ म्हणत होतं, कोणी दुरूनच हात हलवत होतं, आणि तो मान डोलावत होता – व्यवस्थित, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. अंगाला सवय असते. आतला माणूस दगड झाला तरी अंग मान डोलावतं.

एक मत. ते वजा करा – दोन्ही बाजू समसमान. समसमान झाली की सभापतींनी आपलं मत टाकायचं, आणि शेवटच्या वाचनाला सभापतींनी ते जे चालत आलंय त्याच्या बाजूनेच टाकायचं, असा रिवाज. जे चालत आलंय ते, म्हणजे आईला लागू झालं ते. विधेयक मेलं. पुन्हा आणायचं तर कोणी आणायचं? त्याने आणलं असतं, पण तो आता वर, त्या लाल कातड्याच्या बाकांवर, म्हाताऱ्या जमीनदारांमध्ये; आणि खाली दुसऱ्या कोणाला त्याची एवढी पडली आहे... खाजगी विधेयक आणायचं तर सभासदाची सोडतीत चिठ्ठी निघावी लागते. त्याची चिठ्ठी निघायला अर्धं आयुष्य गेलं होतं.

विधेयकात होतं काय, तर जवळजवळ काहीच नाही. एखाद्याला वेड्यांच्या इस्पितळात कोंडायचं तर दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि एका मॅजिस्ट्रेटची. क्रॅडकचं म्हणणं एवढंच की त्या मॅजिस्ट्रेटने आधी त्या माणसाला प्रत्यक्ष भेटावं. भेटावं, आणि विचारावं, तुमचं काय म्हणणं आहे. बस. ‘इतकी साधी गोष्ट आधीपासूनच कायद्यात नाही का?’ असं सगळेच विचारत, आणि नाही म्हटलं की कागदाकडे बघत राहत.

आई वेडी होती का, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. रडायची. ताट तसंच ठेवून उठायची. एकदा भर थंडीत रात्रीच्या कपड्यांत तळ्याच्या काठावर जाऊन बसली होती आणि विचारलं तर म्हणाली, इथे बरं वाटतं. डॉक्टरांच्या सह्या झाल्या – एक शहरातून बोलावलेला, दुसरा गावात नुकताच दवाखाना घातलेला, तरुण ट्रेलॉर – आणि मॅजिस्ट्रेट घरी नाश्त्याला आला. पपांबरोबर शिकारीला जाणारा, लालबुंद गालांचा, चांगला माणूस. टेबलावरच त्याने सही केली. सही करताना त्याच्या बाहीला अंड्याचं पिवळं लागलं, आणि तो पपांना म्हणाला, फार वाईट वाटतं रे, आणि रुमालाने बाही पुसू लागला. आई वरच्या खोलीतच होती. जिना चढून जायचा, एवढंच अंतर. तो चढला नाही. कायद्याने त्याला चढायला सांगितलं नव्हतं. समोर आठ वर्षांचा ऑब्री पाव खात बसला होता, त्याने हे पाहिलं, आणि अर्थ न कळताही पाव खाणं थांबवलं.

भेटायला नेत तिला, नाताळात, ईस्टरला. तिथे ती अगदी नेहमीच्या आवाजात, शिवणाचा दोरा कुठे ठेवलास रे, असं विचारावं तशी विचारायची, “ऑब्री, मी कोणाला सांगू?” काय सांगायचं आहे ते नाही, कोणाला, एवढंच. तो पपांकडे बघायचा. पपा हातमोजे चढवत असत. पुढे ती तिथेच गेली, आणि तो वकील झाला, मोठा वकील, सरकारचा वकील, मंत्री, राज्यघटनेवर ज्याचा शब्द शेवटचा असा माणूस – वर्तमानपत्रं त्याच्या चढत्या आयुष्याचा आलेख छापत तेव्हा हे सगळं क्रमाने येई, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी एक न चढलेला जिना आहे हे फक्त विनीला माहीत होतं.

आणि पपांना? पपांनी विधेयकाचा मसुदा मागवून घेतला होता. चष्मा लावून, बोट ठेवत, सबंध वाचला. ऑब्री खिडकीपाशी उभा होता, श्वास धरून, कधी नव्हे तो घामाघूम – कारण ती त्यांच्या गालावर भर सभागृहात मारलेली चपराकच होती, नाव न घेता मारलेली, एवढंच. पपांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, “दुसऱ्या कलमात स्वल्पविराम चुकलाय.” मग कितीतरी वेळाने, “आण तू. लवकर आण. मी थांबतो.”

मी थांबतो. केवढे हसले होते चहाच्या खोलीत सगळे, त्याने ते सांगितल्यावर. खालच्या सभागृहात थट्टाच होती ती: कोणीही भेटलं की आधी वडिलांची चौकशी. ‘काय क्रॅडक, व्हायकाउंटसाहेबांचा खोकला कसा आहे? पंतप्रधान होईस्तोवर टिकतील ना?’ व्हायकाउंटच्या प्रकृतीला म्हणून पेले उंचावले जात. तो स्वतःही उंचावायचा. लंडनहून डॉक्टर पाठवणं, संत्री पाठवणं, रोज सकाळी न चुकता फोन करणं – विनी म्हणायची, इतकं करणारा मुलगा पाहिला नाही – आणि पपा गेल्या नाताळात, शाल गुरफटून विस्तवापाशी बसलेले, त्याच्याकडे न बघता म्हणाले होते, “सकाळी डोळे उघडतो तो तुझ्या मतदारसंघासाठी उघडतो, ऑब्री. मला स्वतःला आता विशेष काही बघायचं उरलेलं नाही.” तो हसला होता. पपाही हसले होते. विनी हसली नव्हती.

‘पपा कसे आहेत?’ म्हणजे ‘मी अजून आहे ना?’ वर्षानुवर्षं एकच प्रश्न, एकाच पोटात दोन. त्यातला कुठला माझा होता? दोन्ही माझेच म्हणावं तर आज जागेचाच का सलतोय, पपांचा कोरडा कसा... रडू का येत नाही?

“अरे, इथे काय खुंटीशी लग्न लावतोयस?”

हिग्ज. समोरच्या पक्षाचा, डरहॅमच्या खाणीत कोळसा फोडून वर आलेला, ज्याच्याशी ऑब्रीचं एकाही गोष्टीवर पटत नव्हतं आणि ज्याच्यावाचून हे विधेयक दारातही आलं नसतं. आजचं मतदान हिग्जने उभं केलं होतं. एका आजारी सभासदाला त्याने रुग्णवाहिकेतून आवारात आणलं होतं, कारण आवारात आलेल्या आजाऱ्याचं मत बाहेरच मोजून घेतात. तोच आता कोटाची बटणं लावत, घामेजलेला, खूश, समोर उभा होता.

“एका मताने, क्रॅडक. एका. बिचारा रुग्णवाहिकेत पडल्या पडल्या विचारत होता, जिंकलो का. म्हटलं, तू आलास म्हणून जिंकलो बाबा. मग तो रडायलाच लागला. मी म्हटलं, रडू नकोस, टाके उसवतील.” तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला, मग जवळ आला. “तुझं तोंड का असं? आनंद झाला की तुम्हा बड्या घरच्यांचं तोंड असंच होतं का?”

“दमलोय.”

“दमशील नाही तर काय. बरं, म्हातारेबुवा कसे आहेत?”

नेहमीची थट्टा. प्रत्येक शुक्रवारी कोट घालता घालता विचारायची. आणि ऑब्रीला आपला आवाज ऐकू आला, स्वच्छ, किंचित थकलेला, सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो प्रसिद्ध आवाज:

“झोपलेत. शांत झोपलेत.”

“झोपू दे, झोपू दे,” हिग्ज म्हणाला. “त्यांना म्हणावं, अजून चार वर्षं तरी दम धरा, तुमच्या पोराचं अजून काम आहे आम्हाला.” आणि दंडावर थाप मारून तो निघून गेला, त्याच्या जड बुटांचा आवाज दगडी वाटेवरून दूर जात राहिला.

ऑब्री जिथल्या तिथे राहिला. त्याने ठरवलं नव्हतं. अजून काहीच ठरवलं नव्हतं. मग हे कोण बोललं? विनीवर इतका वेळ मनात जो खटला चालला होता – कशी बोलू शकली ती, कुठल्या तोंडाने, बाजूच्या खोलीत बापाचं प्रेत असताना – तो खटला एका वाक्यात निकालात निघाला होता. काही लागत नाही त्याला. तोंड उघडलं की आपोआप येतं. शिवाय खोटंही नसतं.

आणि मग, इतक्या उशिरा, ती सकाळ त्याच्या डोळ्यांपुढे आली. पुढे आली म्हणण्यापेक्षा ती तिथेच होती, त्याने आता फक्त मान वळवली. सकाळचा फोन विनीने उचलला होता. विनी फोन कधी उचलत नाही. तिला त्या यंत्राचा तिटकारा; पास्को उचलतो, ‘ट्रेगॅरिक हाउस’ म्हणतो, ‘शुभ प्रभात ऑब्रीसाहेब’ म्हणतो, मग काठी टेकत तिला बोलवायला जातो. आज पहिल्याच घंटेला विनी. का, ते आता उघड होतं: पास्कोला तिने उचलू दिला नसणार, कारण पास्कोने हवी तेवढी गुपितं ठेवली असती, पण धनी गेल्यावर नव्या धन्याला ऑब्रीसाहेब म्हणणं त्याच्या जिभेला जमलं नसतं. संध्याकाळी तिचं लक्ष नसताना त्याने फोन घेतला आणि जिभेने आपलं काम केलं.

पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा हा की पहिल्या घंटेला विनीचा आवाज आला तेव्हा ऑब्रीचा दाढी करणारा हात थांबला होता. त्याला ते आत्ता अगदी नीट आठवत होतं. हातात दाढीचा ब्रश होता, गालावर फेस. ‘शांत झोपलेत,’ ती म्हणाली, आणि एरवी ती सांगते तसं काहीच म्हणाली नाही – रात्र कशी गेली, खोकल्याची उबळ, दोन चमचे सूप – आणि मध्ये एक जागा रिकामी ठेवली. प्रश्नासाठी. हयातभर लोकांची उलटतपासणी घेतलेला माणूस, ज्याला साक्षीदार श्वास कुठे घेतो त्यावरून तो कुठे खोटं बोलतो हे कळतं, त्या माणसासमोर तिने ती जागा रिकामी ठेवली होती. आणि तो म्हणाला होता, “छान. आज माझं मतदान आहे. येतो संध्याकाळी फोनवर.” आणि ठेवला. जरा घाईने ठेवला. मग गालावरचा फेस वाळेपर्यंत आरशात बघत उभा राहिला.

माहीत होतं का मला?

सभागृहात बाहेरच्या माणसाला ‘परका’ म्हणतात. पाहुणा असो, राजदूत असो, कोणाची बायको असो – परका. आणि जुना रिवाज असा की कोणाही सभासदाने उभं राहून नुसतं ‘मला परके दिसताहेत’ म्हटलं, की त्यांना बाहेर काढायचं की नाही यावर लगेच मत घ्यायचं. आज मत द्यायला तो ‘हो’वाल्यांच्या दालनातून चालत गेला, दरवाजातल्या कारकुनाने नावावर खूण केली, मोजणाऱ्याने मोजलं, आणि त्या सबंध वाटेवर त्याला वाटत होतं की मागून कोणीतरी ओरडणार आहे. दडपण असेल मतदानाचं, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. किती चटकन पटलं होतं ते.

भीती विनीची नव्हती आता, डॉक्टरांचीही नव्हती. भीती वाटत होती ती स्वतःच्या हुशारीची. इतक्या सफाईने न विचारणारा माणूस आपल्या आत राहत होता, खात होता, निवडून येत होता, आणि त्याची नि आपली गाठ पडली नव्हती.

परिचराने येऊन सांगितलं, कॉर्नवॉलहून फोन आहे. ‘मि. क्रॅडक’ म्हणाला तो. ऑब्री त्याच्यामागून गेला. खोक्याचं दार ओढून घेतलं, काचेबाहेर दिवे लागलेले, कोणीतरी रिकाम्या चौकात कागद वेचत होतं.

“ऑब्री, बाळ,” ट्रेलॉरचा आवाज. गोवर निघालेला तेव्हा कपाळावर हात ठेवून बोलायचे तोच, फक्त आता वाफ गेलेला. “फार वाईट झालं.”

“हो, डॉक्टर.”

“विनी म्हणते चहाच्या वेळेला गेले. मी हात लावून बघितलंय. म्हातारा झालोय मी, पण इतका नाही झालो. तरी तिने तुझ्या कामाचं सांगितलंय मला. तू म्हणशील ती वेळ घालतो. तुमच्या घरात शब्दावर सही करायची मला सवय आहे.”

हे ते टोचून बोलले, की पश्चात्तापाने, की नुसतेच दमून, कळलं नाही. जिन्याखाली अंड्याचं ताट, वर आई. आणि आता वर पपा, दिवसभर, पडदे ओढलेले, मेलेले पण मेले असं कोणी न म्हटलेले – दोन माणसांनी ठरवलं म्हणून जिवंत. ऑब्रीने खोक्याच्या भिंतीला हात टेकला. दोन्ही वाक्यं त्याच्या जिभेवर तयार होती. ‘चहाच्या वेळेला’ – म्हणजे पुढेमागे प्रत्येक कोंडल्या जाणाऱ्या माणसाकडे एक माणूस जिना चढून जाईल. ‘सकाळी’ – म्हणजे जे आहे ते आहे. दोन्ही सारख्याच स्वच्छ उच्चारांत, सारख्याच आवाजात, आणि कुठलं आपलं हे त्याला ओळखू येईना.

“जवळ कोण होतं?” त्याने विचारलं.

“काय?”

“ते गेले तेव्हा. जवळ कोण होतं त्यांच्या?”

डॉक्टरांनी फोन विनीकडे दिला; हलकेच काही बोलल्याचं ऐकू आलं.

“कोणी नव्हतं,” विनी म्हणाली. ती आता माळ्याला झापत नव्हती. “उजाडल्यावर पास्को पडदे सारायला गेला, तेव्हा... गार होते. रात्री केव्हातरी. पहाटे. मला माहीत नाही.”

“उशाशी घंटा होती ना?”

“हात घंटेवर होता, ऑब्री.”

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“वाजवली का नाही, मला नाही माहीत,” विनी म्हणाली. “मी इतक्या रात्री जागी होते रे. काल मला गाढ झोप लागली. पास्को म्हणतो, काहीतरी वाजल्यासारखं झालं होतं, मग त्याला वाटलं वारा असेल. मला हे तुला सांगायचं नव्हतं. तू विचारलं नसतंस तर मी सांगितलं नसतं.”

अंधारी खोली. विझत आलेला विस्तव. एक म्हातारा माणूस डोळे उघडतो – कोणाच्या मतदारसंघासाठी नव्हे, दुखतंय म्हणून, किंवा घाबरून, किंवा तहान लागून – आणि हात लांब करतो. ते हाडकुळे, डाग पडलेले हात. हातमोजे चढवायला त्यांना नेहमी वेळ लागायचा... इतका वेळ का लागायचा, हे ऑब्रीने कधी मनात आणलंच नव्हतं; हात थरथरत असत का त्यांचे, त्या भेटींच्या दिवशी? आणि काल रात्री किती वेळ धरून बसले ते ती घंटा? अर्धी रात्र? की क्षणभरच, की बोटं लागता लागताच... त्याच्या घशातून एक आवाज निघाला, त्याच्या ओळखीचा नसलेला, कुठल्याही बाकापर्यंत न पोचणारा, आणि काचेला वाफ आली.

“ऑब्री?” फोन पुन्हा डॉक्टरांकडे गेला होता. “मला जायचंय रे बाळा, ती बाई अजून मोकळी झालेली नाही. लवकर सांग. केव्हा?”

“केव्हा गेले ते, डॉक्टर?” ऑब्री म्हणाला.

“तेच तर मी तुला विचारतोय.”

पण ऑब्री खरोखरच विचारत होता.